चारच्या जागी तीस

६ जून

ताई,

बातमी पहिल्याच ओळीत सांगते, नाहीतर तू पत्र उलटं धरून शेवट आधी वाचतेस. मला दिवस गेलेत. आठवा आठवडा. लाइनमनला सोडून अजून कुणाला सांगितलेलं नाही. लग्नाला चार वर्षं झाली तरी मी नवऱ्याला लाइनमनच म्हणते, यावर सासूबाई अजून नाराज आहेत. पण दिवसभर खांबावर चढून तारा जोडणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं?

डिसेंबरमध्ये जे झालं त्यानंतर मला आनंद करायचीही भीती वाटते. या वेळी मी कपड्यांची बादली उचलत नाही. मागच्या दाराच्या ओल्या पायरीवर तर पायच ठेवत नाही, पुढून वळसा घालून जाते. तू तेव्हा लिहिलं होतंस की पाचव्या महिन्यात भरलेली बादली घेऊन पायऱ्या उतरायची काय गरज होती. ते मी विसरलेले नाही. राग म्हणून नाही, धडा म्हणून.

तब्येत ठीक म्हणायची. थकवा फार आहे. शाळेत दुसरीच्या वर्गावर उभ्याउभ्या डोळे मिटतात. जूनमध्येही मला लोकरीचे मोजे लागतात. केस हातात येतात. आणि गंमत म्हणजे शाळेच्या झग्याचं गळ्याचं बटण लागत नाही. लाइनमन म्हणतो, तुला सुख मानवलंय.

फोन करू नकोस. अख्ख्या गावात एकच फोन, तो आरोग्य केंद्रात, आणि तिथल्या बाकावरच्या बायका माझ्या आधी ऐकतात. पत्रच लिही.

तुझी
खारू

*

१५ जून

खारू,

आनंद झाला. हे आधी लिहून टाकते, कारण पुढे सगळे प्रश्नच आहेत.

घरात मीठ कोणतं आहे? पुडीतलं की पोत्यातलं? झाकणाच्या डब्यात ठेवता की उघड्या भांड्यात? चुलीजवळ असतं का? दूध, अंडी, मासे यांतलं आठवड्यात काय पोटात जातं? गळ्याचं बटण कधीपासून लागत नाही? गिळताना काही अडकल्यासारखं होतं का?

हसू नकोस. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराएवढी एक ग्रंथी असते, ती आयोडीनवर चालते. आयोडीन लागतं अगदी कणभर, पण रोज लागतं. ते कमी पडलं की ग्रंथी बिचारी जास्त काम करायला जाते आणि सुजते. माणूस गारठतो, थकतो, केस जातात. तुमच्या खोऱ्यातल्या मातीतलं आयोडीन पावसानं आणि बर्फानं कधीच धुऊन नेलंय, त्यामुळे तिथल्या भाजीत ते नाही, गाईच्या दुधातही फारसं नाही. जे काही मिळतं ते मिठातून. आणि बाईला दिवस गेले की गरज जवळजवळ दीडपट होते, कारण सुरुवातीचे तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते. त्याचा मेंदू घडतो तो आईच्या गळ्यातून जे जाईल त्यावर.

दोन गोष्टी कर. नर्सबाईंना गळा दाखव. आणि घरातलं दोन चमचे मीठ कोरड्या बाटलीत भरून, झाकण मेण लावून बंद करून मला पाठव. पोतं असेल तर त्याच्या तोंडाला शिवलेली चिठ्ठीही काढून पाठव.

जखमेवर लावायचं आयोडीन चुकूनही पिऊ नकोस. कुणी सांगितलं तरी नाही. जास्त झालं तरी ते बाधतं.

कामाची सवय म्हणून विचारते आहे, दुसरं काही नाही.

ताई

*

२८ जून

ताई,

मी तुला बाळाची बातमी दिली आणि तू विचारतेस मिठाची. लाइनमनला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, तुझ्या बहिणीच्या बारशालासुद्धा प्रयोगशाळेतली काचेची नळीच आणली असेल कुणीतरी.

उत्तरं देते. मीठ पोत्यातलं. इथे सगळ्यांकडे तेच, गावाच्या डेपोतून येतं. लाकडी झाकणाचा डबा आहे, चुलीपासून लांब, मीच ठेवलाय. दूध रोज. अंडी कोंबडीची मर्जी असेल तेव्हा. मासे मी लग्नानंतर पाहिलेले नाहीत.

गळ्याचं विचारलंस म्हणून सासूबाईंना बोलतं केलं. त्या बारा महिने मानेला रुमाल बांधतात हे तू लग्नात पाहिलं होतंस. त्याखाली लिंबाएवढी गाठ आहे. त्या म्हणाल्या, आमच्या काळी अर्ध्या गावाला होती, आम्हाला वाटायचं बाईमाणसाची मान अशीच असते. लाइनमनचे एक काका होते, त्यांच्याबद्दल मला आजवर कुणी बोललं नव्हतं. अंगानं दणकट, पण बोलणं कधी आलंच नाही, ऐकूही येत नव्हतं. चाळीस वर्षांचे होऊन गेले, शेवटपर्यंत सासूबाई त्यांना हातानं भरवत होत्या. अशी घरोघरी एक-दोन माणसं होती, म्हणे. मग हे औषधाचं मीठ आलं आणि पुढच्या पोरांच्या माना सरळ झाल्या. सासूबाई त्याला औषधाचं मीठच म्हणतात.

नर्सबाईंनी गळा चाचपला. म्हणाल्या, भरलाय. या महिन्यात असा अकरावा गळा, आणि सगळ्या तरण्या बायका. त्यांना आधी मिठाचाच संशय आला, पण तपासायचे थेंब कधीचे संपलेत. तेवढ्यात मी पोत्याची चिठ्ठी उसवून नेली होती ती दाखवली. त्यावर तुझी सही आहे, ताई. तुझ्याच कारखान्याचं मीठ, आयोडीनच्या रकान्यात तीस, आणि खाली तुझी ती शेपटीवाली सही. मी काय सांगू, छाती अशी फुगली. नर्सबाईंना म्हटलं, ही माझी सख्खी बहीण, आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं, हिनं तीस लिहिलं म्हणजे तीस. त्यांनाही पटलं. म्हणाल्या, मग मीठ नाही, आता पाण्यात काय आहे ते बघायला हवं. पाण्याची बाटली त्यांनी तपासायला जिल्ह्याला पाठवलीय.

तुझी बाटली आणि चिठ्ठी बसच्या ड्रायव्हरकडे दिलीय.

शेजारच्या विणकरणीला नववा महिना लागलाय. तिचं पहिलंच. मागाच्या खड्ड्यात उतरायला आता तिला जमत नाही, तर काठावर बसून नवऱ्याला चुका सांगते. आम्ही दोघी संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहून एकमेकींच्या पायांची सूज मोजतो.

खारू

*

९ जुलै

खारू,

ते मीठ आजपासून बंद कर. आमच्या कारखान्याच्या नव्या लाइनवरच्या एक-एक किलोच्या बारा पुड्या ड्रायव्हरकडे देते आहे. प्रत्येक पुडी मी स्वतः तपासली आहे. शिजवताना शेवटी घाल, डबा घट्ट बंद ठेव.

पुड्या पोचण्याची वाट न बघता जिल्ह्याच्या दवाखान्यात जा आणि थायरॉइडसाठी रक्त दे. बसला पाच तास लागोत नाहीतर सात, जा. डिसेंबरचं डॉक्टरांना सांग. गोळी दिली तर एक दिवसही चुकवू नकोस.

तुमचं पोतं ओल लागून खराब झालं असावं. ओलीनं आयोडीन उडतं.

नर्सबाईंना सांग, पाण्याच्या मागे लागू नका. थेंब मी पाठवते आहे.

ताई

*

२१ जुलै

ताई,

सगळं सांगितलंस तसं केलं. पुड्या मिळाल्या, अर्ध्या विणकरणीला दिल्या. सासूबाई दुखावल्या की घरचं मीठ सुनेला चालेना. मी म्हटलं, डॉक्टरनं सांगितलंय. डॉक्टर म्हटलं की त्या गप्प बसतात.

दवाखान्यात रक्त घेतलं. थायरॉइड बराच मंद आहे. गोळी सुरू केली, रोज सकाळी उपाशीपोटी, वर आयोडीनची वेगळी गोळी. डॉक्टर तरुण आहे, तोंडावर बोलतो. म्हणाला, चौदाव्या आठवड्यात का होईना, आलात हे बरं केलंत, अजून उशीर परवडला नसता. मग विचारलं, आधीचं काही? मी डिसेंबरचं सांगितलं. ओली पायरी, बादली, पडणं. तो लिहीत होता, थांबला. म्हणाला, पडल्यानंतर किती दिवसांनी? मी म्हटलं, आठ. तो म्हणाला, मग पडल्यामुळेच झालं असेल असं नाही. थायरॉइड असा असला तर मूल पोटात राहत नाही, असंही होतं. आता सांगता येणार नाही.

ताई, मी परतीच्या बसमध्ये पाच तास रडले. मोकळं वाटून रडले की कशानं, माहीत नाही. सात महिने मी ती पायरी डोळ्यांपुढून हलवलेली नाही.

आता दुसरं. तुझे थेंब नर्सबाईंना मिळाले. त्यांनी आणि मी एकोणीस घरं फिरलो. चमचाभर मीठ, त्यावर थेंब. निळं व्हायला हवं. एकोणीस घरांत एकदाही झालं नाही. डेपोत गेलो, शिवण न उसवलेलं कोरडं ठाक पोतं फोडलं. पांढरं ते पांढरं. मग मी घरी येऊन तुझ्या पुडीतल्या मिठावर थेंब टाकला. शाईसारखं निळं झालं.

सगळ्या खोऱ्यातल्या पोत्यांना एकदम ओल लागली का?

नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. मीच विचारते. ताई, तू मला काय सांगत नाहीयेस?

खारू

*

८ ऑगस्ट

ताई,

अठरा दिवस झाले. तू आजारी आहेस का?

विणकरणीला एक तारखेला मुलगी झाली. बाई सुखरूप आहे. मुलगी शांत आहे. इतकी शांत की दूध पिताना झोपते, उठवावं लागतं. रडते ती घोगरं, लांबून आल्यासारखं. कावीळ उतरत नाही. सगळे म्हणतात, किती गुणी बाळ, आईला त्रास नाही. नर्सबाई मात्र हसत नाहीत. म्हणतात आणखी थोडे दिवस बघू.

लिही. काहीही असो, लिही.

खारू

*

१४ ऑगस्ट

खारू,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. ते हातात धरूनच मी आरोग्य केंद्राला फोन लावला. नर्सबाईंना सांगितलं की आणखी थांबू नका, मुलीच्या टाचेचं रक्त आजच्या बसनं जिल्ह्याला पाठवा. त्यांनी विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, मिठावर सही करणारी. त्या म्हणाल्या, पाठवते.

आता तुला सांगते. तीन पत्रं लिहून फाडली, हे चौथं.

आमच्याकडे दोन लाइनी आहेत. नव्या लाइनवर शहरासाठी पुड्या होतात. जुन्या लाइनवर लांबच्या डेपोंसाठी पोती भरतात. पट्ट्यावरून मीठ जाताना वरून आयोडीनचा फवारा पडतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जुन्या लाइनचा पंप बिघडला. मी नेहमीसारखा नमुना काढला. दहा लाख भागांत तीस यायला हवे होते, चार आले. मी मॅनेजरकडे गेले. ते म्हणाले, "सुटा भाग सोमवारी येतोय. ट्रक भरून उभा आहे. आज अडवलंत तर तिकडे लोक बिनमिठाचं जेवतील. एकदाच सही करा."

मी केली. चारच्या जागी तीस लिहिले.

सोमवारी भाग आला नाही. पुढच्या सोमवारीही नाही. आता थांबवायचं तर पहिल्या सहीचं काय सांगायचं, हा प्रश्न होता. या प्रयोगशाळेची प्रमुख झालेली मी पहिली बाई. माझ्या आकड्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ते ठेवलं जाऊ नये म्हणून मी खोटा आकडा लिहीत राहिले. रोज खरा आकडा माझ्या वहीत पेन्सिलीनं, आणि खोटा चिठ्ठीवर शाईनं. पंधरा महिने.

तुझी बाटली आली तेव्हा मला उत्तर माहीत होतं. तरी तपासली. साडेतीन. ओलीचं मी खोटं लिहिलं. तुझ्या एकोणीस घरांचं पत्र आलं त्या दिवशी मी ते घेऊन मॅनेजरकडे गेले. ते म्हणाले, पंप आता बसवून टाकू, पुढचं मीठ चांगलं जाईल, कुणाला कळणार नाही, तुम्हीही शांत राहा. खारू, खोटं बोलणार नाही, मी एक आठवडा शांत राहिले. मग दोन ऑगस्टला वही घेऊन अन्न तपासणी अधिकाऱ्याकडे गेले. पाच तारखेला त्यांनी जुनी लाइन सील केली. तुमच्यासह सहा डेपोंमधली पोती परत बोलावली आहेत, बदली मीठ निघालं आहे. मला कामावरून बाजूला केलंय, चौकशी चालेल. चालू दे.

आणि डिसेंबर. त्या बाळाचं नक्की कशानं झालं हे तुझ्या डॉक्टरला सांगता येत नाही, मलाही येणार नाही. पण मी तुला बादलीवरून बोलले. तू घरात अंथरुणावर होतीस, आणि मी इथे टेबलाशी बसून तुला लिहिलं की काळजी घ्यायला हवी होतीस. त्याच टेबलाशी, खारू. त्या दिवशीही मी एक चिठ्ठी भरली होती.

क्षमा कर असं लिहिणार नाही. गोळी चुकवू नकोस.

ताई

*

२ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मी वर्गात वाचलं, कारण घरी उघडायचा धीर झाला नाही. पोरांना पाटीवर उजळणी लिहायला सांगितली आणि तोंड फळ्याकडे करून उभी राहिले.

मग मी ते लाइनमनला दिलं. त्यानं वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत ठेवलं. मग नर्सबाईंना दिलं. मग विणकरणीला वाचून दाखवलं, तिला अक्षर लागत नाही म्हणून. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. तुझ्या वतीनं एकही शब्द गाळला नाही आणि एकही घातला नाही. ती मुलीला पाजत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, परत वाच. परत वाचलं.

मुलीचा रिपोर्ट आला. तिची ग्रंथी पुरेसं काम करत नाही. अठराव्या दिवशी गोळी सुरू झाली, दुधात कुस्करून. डॉक्टर म्हणाला, आणखी महिनाभर गेला असता तर फार वाईट झालं असतं, हे दिवस हाती लागले ते तुझ्या फोनमुळे. हे तुला सांगायचं नव्हतं, पण खरं आहे म्हणून लिहिते. पोटात असताना जे कमी पडलं त्याचं काय, हे ती चालायला-बोलायला लागेपर्यंत कुणाला कळणार नाही.

सासूबाईंना मी सांगितलं नव्हतं, त्यांना गावातून कळलं. त्यांनी मानेचा रुमाल सोडला, गाठीला हात लावून बसल्या. म्हणाल्या, "आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिला तर माहीत होतं."

मला तुझं अक्षर बघवत नाही. एकच विचारते, तेवढ्याचं उत्तर दे आणि पुन्हा लिहू नकोस. ती पोती कुठे जातात, हे तुला ठाऊक होतं का?

खारू

*

११ सप्टेंबर

खारू,

हो.

ट्रकबरोबर जाणारी यादी माझ्या टेबलावरून जायची. त्यात तुमच्या डेपोचं नाव तिसरं असायचं. पहिले दोन महिने मी ते वाचत होते. वाचलं की तुला पुड्या पाठवायचं मनात यायचं, आणि पाठवल्या तर तू कारण विचारशील म्हणून राहून जायचं. नंतर मी यादी उपडी ठेवायला लागले.

ताई

*

२० नोव्हेंबर

खारू,

लिहू नकोस म्हणालीस, तरी एवढं लिहिते. उत्तर नको.

सातवा संपला असेल. या काळात गोळीचं प्रमाण वाढवावं लागतं, म्हणून रक्त पुन्हा तपासून घे. बाळंतपण जिल्ह्यालाच कर, बर्फ पडायच्या आधी जाऊन राहा. बाळाच्या टाचेचं रक्त तिसऱ्या ते पाचव्या दिवसात घ्यायला सांग, सगळं ठीक दिसलं तरी. गुणी दिसलं तरी.

माझी साक्ष झाली. वहीचं पान अन् पान वाचून घेतलं. मॅनेजर म्हणाले, आकडे बाईंनी लिहिले. ते बरोबरच आहे.

ताई

*

२९ जानेवारी

ताई,

मुलगी झाली, अठरा तारखेला. मी महिनाभर आधीच जिल्ह्याला येऊन राहिले होते. बाळंतपण लांबलं, एकोणीस तास लागले. पण बाहेर आली ती बोंबलतच. दाई म्हणाली, ही लाइनमनची पोर नक्की, खांबावरून हाक मारल्यासारखी रडते. टाचेचं रक्त चौथ्या दिवशी दिलं. रिपोर्ट काल आला. चांगला आहे.

रिपोर्ट हातात आला तेव्हा मला पहिली तुझी आठवण आली आणि त्याचा मला राग आला. कुणाला सांगायला धावणार? लहानपणापासून तुलाच सांगत आलेय. चार महिने मी मनात तुझ्याशी भांडते आहे, आणि त्यातही ताई म्हणूनच हाक मारते.

दाईला विचार, नाहीतर डॉक्टरला, दोघंही हेच सांगतील. माझी मुलगी वाचली ती चौदाव्या आठवड्यात गोळी मिळाली म्हणून, आणि गोळी मिळाली ती तू त्या बाटलीच्या मागे लागलीस म्हणून. विणकरणीच्या मुलीला असं कुणी नव्हतं. माझी बहीण तिथे बसली होती, तिची नव्हती. हे मला गिळता येत नाही. रात्रंदिवस पोर छातीशी असते, आणि घरी गेल्यावर कुंपणापलीकडून घोगरं रडणं ऐकू येईल, तेव्हा मी काय करणार हे माहीत नाही.

विणकरणीची मुलगी आता सहा महिन्यांची होईल. लाइनमन परवा आरोग्य केंद्रातून फोन करून सांगत होता. मान आताशी धरते. हसायला उशिरा लागली, पण हसते. ऐकण्याचं नक्की कळत नाही. विणकरीण भांडं वाजवून बघते, पोर कधी वळते, कधी नाही.

विणकरणीनं लाइनमनजवळ निरोप दिलाय. सही करणारीला एकदा माझ्यासमोर आणा. बाकी काही नाही.

रस्ता मार्चमध्ये उघडेल. येणार असलीस तर ये. मी तिला काही समजावणार नाही आणि तुझ्या वतीनं बोलणार नाही. पण तुझ्या शेजारी बसेन.

खारू

*

२६ मार्च

खारू,

परवा पोचले. बसमध्ये तुझं पोर स्वप्नात रडत होतं, जाग आली तर कंडक्टर तिकीट मागत होता.

विणकरणीच्या घरी तू माझ्या शेजारी बसलीस. नंतर छोटी भुकेनं ओरडायला लागली आणि तुला उठून बाहेर जावं लागलं. त्या वेळात आत काय झालं ते तू विचारलं नाहीस आणि निघेपर्यंत मला सांगता आलं नाही. आता सांगते.

तू गेल्यावर विणकरीण मागाशी जाऊन बसली. माग बंद होता, पण तिचा हात ताण्यावरून फिरत होता, एखादा धागा तुटलाय का ते बघत असल्यासारखा. मी ठरवून गेले होते की विचारेल त्याचं उत्तर द्यायचं. ती शिव्या देईल, रडेल, बाहेर काढेल, सगळ्याची तयारी केली होती. तिनं विचारलं, "ही बोलेल का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"तुम्ही शिकलेल्या आहात."

मी म्हटलं, हो. तरी माहीत नाही. कदाचित बोलेल, कदाचित उशिरा बोलेल. कदाचित कमी ऐकू येत असेल, तर कानाचं यंत्र लावता येईल, त्याची तपासणी जिल्ह्याला होते. गोळी आयुष्यभर लागेल की दोन-तीन वर्षांनी थांबवता येईल, हेही आत्ता सांगता येत नाही. जे माहीत होतं तेवढं सांगितलं. गोड काही सांगितलं नाही.

मग ती उठली आणि मुलगी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, मला पाणी भरून आणायचंय, तोवर धरा. आणि खरंच घागर घेऊन गेली. खारू, मला वाटलं होतं की मला सहन होणार नाही ते तिचं बोलणं. पण सहन झालं नाही ते हे, की ती बाई मला तिच्या लेकीजवळ एकटीला सोडून गेली. मुलगी वयाच्या मानानं हलकी आहे, तुझ्या छोटीपेक्षा पाच-सहा महिन्यांनी मोठी असूनही. डोळे काळेभोर. तिनं माझ्या बाहीचं टोक मुठीत धरलं आणि सोडलं नाही.

काय करायचं ते सुचेना, म्हणून मी बोलायला लागले. आधी डाव्या बाजूनं, मग उजव्या. मी कोण ते सांगितलं. काय केलं ते सांगितलं. पुढच्या महिन्यापासून दर महिन्याच्या पहिल्या बसनं येईन आणि तिला कानाच्या तपासणीला मी घेऊन जाईन, तिची आई येऊ देईल तर, हेही सांगितलं. तिची आई दारात कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिनं घागर खाली ठेवली, माझं पुरं बोलून होऊ दिलं. मग म्हणाली, "पहिली बस सकाळी असते. उशीर करू नका."

तू आत आलीस तेव्हा मी बोलायची थांबले होते. पण त्याआधी, मी उजव्या बाजूनं बोलत असताना, मुलीनं मान वळवली होती. हळूहळू, सगळा जोर लावून. खिडकीही त्याच बाजूला होती, ऊन आत आलं होतं. ती माझ्या आवाजाकडे वळली की उजेडाकडे, मला अजून सांगता येत नाही.

ताई